स्वस्त स्मार्टफोन घेताना आणि वापरताना या चुका टाळा

नाशिकच्या एमजी रोडवरच्या मोबाइल दुकानांत दहा-बारा हजारांच्या फोनचं खोकं हातात घेतलं की ठळक अक्षरांत हमखास तीन आकडे दिसतात: 50 मेगापिक्सेल, 8 जीबी, 5000 एमएएच. फोन पुढे कसा चालेल हे मात्र बारीक अक्षरांत छापलेलं असतं. ज्या घरात बँक, मुलांचा अभ्यास आणि कांद्याचा बाजारभाव या सगळ्याला एकच फोन आहे, त्या घराने ती अक्षरं वाचायलाच हवीत.

पहिली चूक रॅमची, म्हणजे चालू अॅप ज्यात राहतात त्या तात्पुरत्या मेमरीची. 8 जीबीखाली बऱ्याचदा लहान अक्षरांत ‘4 + 4’ असतं. खरी रॅम 4 जीबी. उरलेली 4 जीबी स्टोरेजमधून उसनी घेतलेली असते. स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी हळू असतं, त्यामुळे फायदा थोडा होतो आणि फोनच्या 64 जीबी स्टोरेजमधली जागाही जाते. दुकानदाराला सरळ विचारा, ‘मूळ रॅम किती?’

त्याहून महत्त्वाचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही: स्टोरेजच्या दोन प्रकारांपैकी फोनमध्ये ईएमएमसी आहे की यूएफएस? ईएमएमसी एका वेळी एकतर वाचतं किंवा लिहितं, यूएफएसला दोन्ही एकदम जमतं. म्हणून प्ले स्टोअरवर अपडेट चालू असताना व्हॉट्सअॅप उघडलं की ईएमएमसीवाला फोन अडखळतो. 50 मेगापिक्सेल आणि यूएफएस यांत निवड करायची वेळ आली तर डोळे झाकून यूएफएस घ्या. तसाही 50 मेगापिक्सेलचा कॅमेरा चार-चार पिक्सेल एकत्र करून साधारण साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो, आणि शेजारची 2 मेगापिक्सेलची लेन्स बहुतेक शोभेपुरती असते.

फोन हँग होतोय?

लोक दर पाच मिनिटांनी सगळे अॅप सरकवून बंद करतात, नाहीतर ‘क्लीनर’, ‘बूस्टर’ टाकतात. दोन्ही चुकीचं. बंद केलेलं अॅप पुन्हा उघडायला जास्त बॅटरी लागते, आणि बूस्टर स्वतःच मागे चालत राहून जाहिराती दाखवतो.

आधी स्टोरेज बघा. भरत आलेल्या स्टोरेजवर फोन हळू लिहितो, म्हणून 64 जीबीत आठ-दहा जीबी कायम मोकळी ठेवा. व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज आणि डेटा या भागात जाऊन मोठे व्हिडिओ उडवा, आपोआप डाउनलोड होणं बंद करा. सुप्रभातचे फोटो किती जागा खातात ते तिथेच दिसेल. फोटो मेमरी कार्डवर हलवा, पण अॅप कार्डवर टाकू नका, ते आणखी हळू चालतात.

तरीही अडकत असेल तर फोन सेफ मोडमध्ये, म्हणजे तुम्ही टाकलेली अॅप बंद ठेवून, चालू करा. त्यात नीट चालला तर दोष तुम्ही टाकलेल्या एखाद्या अॅपचा आहे. शेवटी टाकलेल्यापासून एकेक काढत जा. फॅक्टरी रीसेट, म्हणजे सगळं पुसून फोन कोरा करणं, सगळ्यात शेवटी, तोही बॅकअप घेऊन आणि गूगल खात्याचा पासवर्ड आठवतोय याची खात्री करून.

शिवारात वापरणार असाल तर

निफाड-दिंडोरीकडच्या शेतकऱ्याला ई-पीक पाहणीसाठी, म्हणजे सरकारी अॅपवर पिकाची नोंद करायला, बांधावर उभं राहून फोटो काढावा लागतो. दुकानात छान दिसणारा स्क्रीन तिथल्या उन्हात काळा पडतो. म्हणून विकत घेण्याआधी फोन दुकानाबाहेर, रस्त्यावरच्या उन्हात धरून बघा.

लोकेशन चुकीचं दाखवत असेल तर फोन बिघडला असं लगेच समजू नका. अॅपला ‘अचूक’ लोकेशनची परवानगी दिली आहे का ते तपासा, बॅटरी सेव्हर बंद करा, द्राक्षाच्या मांडवाखालून बाहेर येऊन मोकळ्या आभाळाखाली थोडा वेळ थांबा.

एप्रिल-मे महिन्यात ट्रॅक्टरवर किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात फोन चार्जिंगला लावू नका. उष्णतेने लिथियम बॅटरीची क्षमता कायमची घटते. तापलेला फोन हळू चालतो, चार्जिंग थांबवतो. तो स्वतःला वाचवत असतो. सावलीत ठेवा, कव्हर काढा. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, आत दव साचतं.

खोक्यावर नुसतं ‘5जी’ लिहिलेलं पुरत नाही. जिओचं 5जी स्टँडअलोन, म्हणजे 4जीचा आधार न घेणाऱ्या पद्धतीचं आहे, त्यामुळे फोनला ती सोय हवी, आणि एन28 व एन78 हे दोन्ही बँड (लहरींचे पट्टे) हवेत. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात 5जी येत-जात असेल तर सेटिंगमधून 4जीवर ठेवा, बॅटरी टिकेल.

चार्जर खोक्यात आहे का आणि किती वॅटचा, तेही विचारून घ्या. 10 वॅटवर 5000 एमएएचची बॅटरी भरायला तीनेक तास जातात.

जुना फोन घेत असाल तर पैसे देण्याआधी *#06# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बघा. इंग्रजी अक्षरांत केवायएम (KYM), मग एक जागा सोडून तो 15 अंकी क्रमांक, असा एसएमएस 14422 वर पाठवा. उत्तरात ब्लॉक किंवा डुप्लिकेट आलं तर फोन तिथेच परत करा. बिलावर आयएमईआय लिहून घ्या. फोन चोरीला गेला तर पोलिस तक्रारीत आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो ब्लॉक करताना हाच क्रमांक लागतो.