संस्थेच्या वसतिगृहात राहून पुण्यात शिकताना

बारावीनंतर किंवा पदवीनंतर पुण्यात शिकायला येणाऱ्या गावाकडच्या विद्यार्थ्यापुढे राहण्याचे मोजकेच मार्ग असतात. महाविद्यालयाचे किंवा विद्यापीठाचे वसतिगृह मिळाले तर उत्तम. नाही तर चार-पाच जणांनी मिळून घेतलेली खोली, नाही तर एखाद्या वाड्यात किंवा सदनिकेत कॉट बेसिस, म्हणजे भाड्याने घेतलेली एक खाट. चौथा मार्ग सामाजिक संस्थेच्या किंवा शासनाच्या वसतिगृहाचा. तेथे शुल्क अगदी कमी असते किंवा नसतेच. मात्र हजेरी, श्रमदान, परीक्षेचा निकाल आणि वर्तणूक यांचा हिशेब द्यावा लागतो. पुढील मजकूर या चौथ्या मार्गाने जाऊ पाहणाऱ्यांसाठी आहे. अशा वसतिगृहाचे खरे मोल स्वस्ताईत नसून तेथे विद्यार्थ्याची चौकशी करणारी, त्याला वाट दाखवू शकणारी माणसे असतात यात आहे, आणि ही मदत आपणहून दारात येत नाही, ती वेळेवर आणि नेमकेपणाने मागावी लागते, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही व्यवस्था आपल्याकडे जुनी आहे. वार लावून जेवत किंवा माधुकरी मागत शिकणाऱ्या मुलांच्या काळातच, १९०१ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग उभे राहिले आणि त्यानंतर निरनिराळ्या समाजांची बोर्डिंगे निघाली. पुण्यात १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह सुरू झाले, तेच आजचे पुणे विद्यार्थी गृह. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह काढले, आणि ते चालवण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. पुण्यातील विद्यार्थी साहाय्यक समितीचे काम १९५५ पासूनचे. आजही अनेक वसतिगृहांत झाडलोट, वाढप आणि बागकाम विद्यार्थ्यांकडे असते. त्यामागे पैसे वाचवण्याचा हेतू असतोच, पण स्वतःचे काम स्वतः करण्याची ही परंपराही असते. हे ठाऊक असले म्हणजे पहिल्या आठवड्यात हातात झाडू आला तर कमीपणा वाटत नाही.

प्रवेशाची तयारी

प्रवेशाचा अर्ज महाविद्यालयातील प्रवेश पक्का झाल्यावर भरायचा, असा अनेकांचा समज असतो, आणि तेवढ्यात जागा संपतात. बारावीचा निकाल लागण्यापूर्वीच संस्थेचे माहितीपत्रक मिळवावे, अर्ज कधी निघतो ते विचारून ठेवावे आणि कागदपत्रे गोळा करू लागावे. तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला आर्थिक वर्षाबरोबर ३१ मार्चला संपतो, त्यामुळे फेब्रुवारीत घाईने काढलेला दाखला जूनमध्ये उपयोगी पडत नाही. तो एप्रिलनंतर काढावा. अधिवास, जातीचा दाखला आणि लागू असल्यास जात वैधता प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, वैद्यकीय तपासणीचा दाखला यांच्या प्रत्येकी चार-पाच छायाप्रती एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवाव्यात आणि मूळ कागद शक्यतो कोणाकडेही कायमचे सोपवू नयेत. बँक खाते आधारशी जोडलेले आहे याची बँकेत जाऊन खात्री करावी, कारण शिष्यवृत्तीची रक्कम थेट त्याच खात्यात जमा होते आणि खाते जोडलेले नसेल तर मंजूर झालेली रक्कमही अडकून पडते.

संस्थांच्या वसतिगृहांत बहुधा मुलाखत असते. तेथे हुशारीपेक्षा गरज आणि प्रामाणिकपणा पाहिला जातो. शेती किती, पाण्याखाली किती, घरात कमावते कोण, धाकटी भावंडे कोठे शिकतात, असे साधे प्रश्न येतात, आणि परिस्थिती फुगवून सांगणारा उमेदवार दोन उलटप्रश्नांत उघडा पडतो. आहे तसे सांगावे. कोरडवाहू तीन एकर असेल तर तीन एकरच म्हणावे. त्यात लाज वाटण्यासारखे किंवा रडवून सांगण्यासारखे काही नसते.

शासकीय वसतिगृहांचे अर्ज ऑनलाइन भरावे लागतात आणि निवड गुणवत्तेनुसार व प्रवर्गनिहाय होते. पात्र असूनही जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, तर अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. दोहोंत भोजन व निवासासाठी रक्कम खात्यात मिळते. ती सत्राच्या पहिल्याच दिवशी हाती येईल असे धरून चालू नये. निदान दोन-तीन महिन्यांचा खर्च कसा भागवायचा याचा विचार घरातच करून निघावे.

खोली, सहनिवासी आणि मेस

सामान कमी न्यावे. अंथरूण-पांघरूण, बादली, मग, ताट-वाटी-पेला, दोन किल्ल्यांचे कुलूप आणि थोडी दोरी एवढ्यावर पहिला महिना निभावतो. पाणी तापवण्याची कॉइल आणि विजेची शेगडी बहुतेक ठिकाणी चालत नाही, आणि ती बंदी योग्य आहे. जुन्या इमारतीतील वायरिंगला तो भार झेपत नाही.

एका खोलीत तिघे-चौघे असले की भांडणाची कारणे ठरलेली असतात: दिवा कधी मालवायचा, मोबाइलवर मोठ्याने कोण बोलते, खोली झाडण्याची पाळी कोणाची. पहिल्याच रविवारी एकत्र बसून या तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात आणि झाडण्याच्या पाळ्या कपाटाच्या दारावर चिकटवाव्यात. हे करताना अवघडल्यासारखे होते, पण ऑक्टोबरमध्ये परीक्षेच्या तोंडावर वाद घालण्यापेक्षा ते कितीतरी बरे. एक जण लातूरचा, एक नंदुरबारचा, एक सिंधुदुर्गातला, अशी खोली असेल तर भाजीच्या तिखटापासून बोलण्याच्या हेलापर्यंत सगळ्याची थट्टा होते. थट्टा दोन्ही बाजूंनी चालते तोवर ठीक, एकाच्याच वाट्याला येऊ लागली की थांबवावी. जात, भाषा किंवा आडनाव यांवरून कोणी सतावत असेल तर ती थट्टा नव्हेच. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर तक्रार करता येते.

मेसचे पैसे ही महिन्याच्या खर्चातील सर्वांत मोठी बाब, म्हणून तिचे नियम पहिल्या दिवशी नीट समजून घ्यावेत. खाडे, म्हणजे न जेवलेल्या दिवसांची सूट, कसे धरतात, सलग किती दिवस बाहेर असल्यास ते मिळतात, आणि आदल्या दिवशी किती वाजेपर्यंत वहीत नोंद करावी लागते, हे विचारावे. दिवाळीला गावी जाताना वहीत नाव न लिहिल्यामुळे आठ-दहा दिवसांचे पैसे भरावे लागणारी मुले दर वर्षी असतात. जेवणाबद्दल तक्रार असेल तर ताटावर बसून आचाऱ्याशी हुज्जत घालू नये. मेस समितीत जावे. समितीत काम केले की तेलाचा डबा, गहू, गॅस आणि भाजी यांचे भाव कळतात, दोनशे माणसांचा स्वयंपाक किती पैशांत बसवावा लागतो हे दिसते, आणि वरण पातळ का होते याचे उत्तरही मिळते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हिशेब ठेवण्याचे याहून चांगले प्रात्यक्षिक क्वचितच मिळेल.

नियम

हजेरी, दार बंद होण्याची वेळ, बाहेर राहण्यासाठी पूर्वपरवानगी, पाहुण्यांना खोलीत बंदी, हे नियम सर्वत्र असतात. नियम मोडायचा नसतो, पण त्यात सवलत मागता येते, आणि ती लेखी मागावी. प्रयोगशाळेचे काम संध्याकाळी उशिरापर्यंत चालत असेल तर विभागप्रमुखांच्या सहीचे पत्र आणून वसतिगृहाची व्यवस्था पाहणाऱ्या रेक्टरांकडे किंवा गृहपालांकडे द्यावे; तोंडी सांगितलेले रखवालदारापर्यंत पोहोचत नाही आणि पाऊण तास फाटकाबाहेर उभे राहावे लागते. मुलींच्या वसतिगृहाचे दार मुलांच्या आधी बंद करण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. तिचे सुरक्षिततेच्या नावाने केले जाणारे समर्थन मला पटत नाही, कारण ग्रंथालय आणि प्रयोगशाळा मुलींसाठी लवकर बंद होत नाहीत. विद्यार्थिनींनी एकेकटीने सवलत मागत बसण्यापेक्षा आपापल्या विभागांची वेळापत्रके जोडून एकत्र अर्ज द्यावा. अशा अर्जाला नकार देणे व्यवस्थापनाला अवघड जाते.

मदत कशी मागावी

रेक्टर, गृहपाल, संस्थेचे कार्यकर्ते, देणगीदार आणि माजी विद्यार्थी ही सगळी माणसे मदत करायला तयार असतात, पण समोरच्याला नेमके काय हवे आहे हे त्यांना कळत नाही. ‘सर, पैशांची जरा अडचण आहे’ या वाक्यावर सहानुभूतीखेरीज काही मिळत नाही. ‘दुसऱ्या सत्राची फी १५ तारखेपर्यंत भरायची आहे, साडेआठ हजार आहे, घरून चार हजार आले आहेत, शिष्यवृत्तीचा अर्ज महाविद्यालयाच्या पातळीवर प्रलंबित आहे, प्राचार्यांकडे हप्त्यांसाठी अर्ज करतो आहे, त्यावर आपले शिफारसपत्र मिळेल का?’ असे म्हटले की पत्र बहुधा त्याच दिवशी हाती पडते. रक्कम, तारीख, आतापर्यंत स्वतः काय केले आणि समोरच्याकडून काय हवे, एवढे सांगावे. आणि मुदतीच्या आदल्या रात्री नव्हे, दहा दिवस आधी सांगावे.

शिष्यवृत्तीच्या बाबतीत महाडीबीटी या राज्य शासनाच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज भरून गप्प बसणे सर्वांत महागात पडते. अर्ज महाविद्यालयातील लिपिकाच्या टेबलावर अडकला आहे की पुढे गेला आहे, हे दर पंधरा दिवसांनी पाहावे. त्रुटी काढून परत पाठवलेला अर्ज मुदतीत दुरुस्त केला नाही तर वर्ष वाया जाते. वसतिगृहात हे कोळून प्यायलेला एखादा तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी असतोच. त्याला गाठावे.

दृष्टिबाधित किंवा अन्य दिव्यांग विद्यार्थ्याने तळमजल्याची खोली, स्वच्छतागृहाजवळची जागा आणि मेसपर्यंतचा उताराचा मार्ग यांची मागणी प्रवेशाच्या अर्जातच करावी. परीक्षेसाठी लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ मिळण्याची तरतूद केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. लेखनिक शोधण्यासाठी वसतिगृहातील कनिष्ठ वर्गाचे विद्यार्थी कामी येतात, पण त्यांची नावे महाविद्यालयाला आधी कळवावी लागतात.

अभ्यास आणि काम

अभ्यासिकेत जागा ठरवून रोज त्याच वेळी बसावे, एवढे सांगून हा विषय संपला असता. पण मराठी माध्यमातून आलेल्यांची अडचण वेगळी असते. पहिल्या सत्रात व्याख्यान समजत नाही, आणि समजत नाही हे सांगायचा धीर होत नाही. त्यावर वसतिगृहात एक चांगली सोय असते: त्याच विषयाचे, त्याच वाटेने गेलेले विद्यार्थी वरच्या मजल्यावर राहतात. आठवड्यातून दोनदा त्यांच्याकडून एकेक प्रकरण मराठीत समजून घ्यावे, मग तेच प्रकरण स्वतः इंग्रजीत लिहून त्यांना दाखवावे. नुसत्या टिपणांच्या छायाप्रती काढून उशाला ठेवण्याने काही होत नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात बसण्याची सवय लावून घ्यावी. तेथील शांतता कोणत्याही खोलीत मिळत नाही.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजना महाविद्यालयातील विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांमार्फत चालते. काम तासांवर असते आणि मानधन मोठे नसते, तरी मेसचा बराचसा भार त्यातून हलका होतो. काम निवडता आले तर ग्रंथालय, प्रयोगशाळा किंवा कार्यालयीन संगणकाचे निवडावे, कारण तेथील ओळखी आणि कौशल्य पुढे उपयोगी पडतात. रात्रपाळीची बाहेरची नोकरी मात्र पहिल्या वर्षी धरू नये. हजेरी ७५ टक्क्यांखाली गेली आणि दोन विषय मागे राहिले की त्या पगाराचा हिशेब जुळत नाही, शिवाय नापास झाल्यास पुढच्या वर्षी वसतिगृहाची जागाही जाते.

मन लागत नसेल तर

पहिले दोन महिने घराची ओढ लागते, आणि दर शनिवारी गावी पळणाऱ्यांचे मन उशिरा रमते. पहिला महिना-दीड महिना शहरातच काढावा. याउलट झोप उडाली आहे, जेवण जात नाही, वर्गात जावेसे वाटत नाही, असे पंधरवडाभर चालले तर ते घराच्या आठवणीवर ढकलू नये. घरी सांगितले तर ‘परत ये’ म्हणतील या भीतीने मुले गप्प राहतात. केंद्र शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्यविषयक दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे, दिवसरात्र चालतो आणि तेथे मराठीत बोलता येते. सहनिवाशाच्या बाबतीत अशी लक्षणे दिसली तर त्याने मनाई केली तरी रेक्टरांना सांगावे; ही चुगली नव्हे.

वसतिगृह सोडताना

शेवटच्या परीक्षेनंतर सामान बांधण्याच्या घाईत कागद मागे राहतात. खाट, कपाट, पंखा आणि किल्ली यांची नोंद वहीत दाखवून काही देणे बाकी नसल्याचे ना-देय प्रमाणपत्र घ्यावे, अनामत रक्कम परत मिळण्याचा अर्ज तेव्हाच द्यावा, आणि मेसचा हिशेब खाड्यांसह पूर्ण करावा. बँक, शिष्यवृत्ती आणि विद्यापीठ यांच्याकडे नोंदवलेला वसतिगृहाचा पत्ता बदलून घ्यावा, कारण पदवी प्रमाणपत्र टपालाने मागवल्यास ते नोंदवलेल्या पत्त्यावर येते आणि जून उजाडेपर्यंत त्या खोलीत दुसराच कोणी राहायला आलेला असतो.