रायफलच्या पुंगळ्यांसाठी केस ट्रिमर कसा निवडावा

रायफलची काडतुसं रिलोड करणाऱ्याला, म्हणजे झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी (केस) पुन्हा भरून वापरणाऱ्याला, पुंगळीची वाढलेली लांबी कापणारा ट्रिमर आज ना उद्या घ्यावाच लागतो. हाताने फिरवायच्या साध्या कटरपासून प्रेसवर (रिलोडिंगच्या दाबयंत्रावर) बसणाऱ्या मोटरपर्यंत बरेच प्रकार मिळतात आणि जाहिरातींत बहुतेक वेळा वेगाचंच कौतुक असतं. माझ्या मते वेगाचा विचार नंतर करावा. आधी विचारायचं ते हे, की हा ट्रिमर लांबी नेमकी कुठून मोजतो? याचं उत्तर मिळालं की निम्मे पर्याय आपोआप गळतात. (तुम्ही राहता तिथल्या कायद्यात रिलोडिंगला परवानगी आहे आणि लागणारा परवाना तुमच्याकडे आहे, हे इथे धरून चाललो आहे.)

आधी पुंगळ्या मोजा

गोळी झाडली की दाबाने पितळ फुगतं. पुढे सायझिंग डायमध्ये (पुंगळीला पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यात) ते पुन्हा आवळलं जातं, आणि आवळलेलं पितळ मानेच्या, म्हणजे गोळी धरणाऱ्या अरुंद टोकाच्या, दिशेने सरकतं. त्यामुळे पुंगळी दर फेरीला थोडी लांब होते. मान मर्यादेपेक्षा लांबली तर चेंबरच्या (बंदुकीत काडतूस बसतं त्या पोकळीच्या) पुढच्या टोकाला टेकते, तिथे तोंड दाबलं जाऊन गोळी घट्ट धरली जाते आणि फायर करताना दाब धोकादायक पातळीला जाऊ शकतो. ट्रिमिंगचं खरं कारण हे आहे. अचूकता वगैरे नंतर.

.२२३ रेमिंग्टनच्या पुंगळीची कमाल लांबी १.७६० इंच (४४.७० मिमी) आणि कापून आणायची लांबी १.७५० इंच. .३०८ विंचेस्टरसाठी हेच आकडे २.०१५ (५१.१८ मिमी) आणि २.००५ इंच. म्हणजे दोन्हींत मधली जागा १० हजारांश इंचाची, मिलिमीटरमध्ये पाव मिलिमीटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मोजमाप नेहमी सायझिंगनंतर करा. डायमधला एक्सपांडर (मान आतून फुलवणारा भाग) कोरड्या मानेतून ओढला गेला तर तोही मान थोडी लांबवतो, त्यामुळे आधी कापून मग सायझिंग केलं तर केलेलं काम पाण्यात. चांगला व्हर्नियर कॅलिपर घेऊन हाताशी असलेल्या पुंगळ्यांपैकी मूठभर मोजा. एका बैठकीत तुम्ही वीस पुंगळ्या करणार की पाचशे, हेही इथेच ठरवा.

लांबी कुठून मोजली जाते ते पाहा

इथे तीन पद्धती आहेत.

पहिलीत बूड पकडतात. हाताने फिरवायच्या बहुतेक छोट्या लेथसारख्या ट्रिमरमध्ये, उदाहरणार्थ फॉर्स्टर किंवा लायमनच्या, पुंगळीचं बूड कोलेटमध्ये किंवा चकमध्ये आवळलं जातं, समोरून पायलट (कटरला मध्यावर ठेवणारी दांडी) मानेत शिरतो आणि कटर तोंड कापतो. एकच यंत्र अनेक कॅलिबरना चालतं, फक्त पायलट बदलायचा. तोटा असा की रिमची (बुडाच्या कडेची) जाडी कमीजास्त असेल किंवा एक्स्ट्रॅक्टरने (बंदुकीतून पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याने) रिम वाकवली असेल, तर तो फरक कापलेल्या लांबीत उतरतो. कोलेट दर वेळी सारख्याच जोराने आवळायची सवय लावून घ्यावी लागते.

विल्सनचा ट्रिमर वेगळ्या वाटेने जातो. त्यात पुंगळी एका धारकात हलकेच ठोकून बसवतात. तिच्या अंगाचा निमुळतेपणाच तिला सरळ धरून ठेवतो आणि मागचा स्क्रू बुडाला टेकून लांबी ठरवतो. तोंड इतकं काटकोनात कापलं जातं की अचूकतेच्या स्पर्धेतले नेमबाज याच्यावर विश्वास टाकतात. मात्र प्रत्येक कॅलिबर-गटाला वेगळा धारक लागतो, आणि झाडलेल्या व सायझिंग केलेल्या पुंगळ्यांसाठीही धारक निराळे. वेग बेताचाच.

तिसरी पद्धत खांद्यावरून, म्हणजे पुंगळीचं अंग आवळत मानेला मिळतं त्या उतारावरून, मोजण्याची. लिटल क्रोचा ‘वर्ल्ड्स फायनेस्ट ट्रिमर’ ड्रिलला लावतात, आणि पेन्सिल शार्पनरमध्ये घालावी तशी पुंगळी हाताने आत ढकलायची. खांदा आतल्या बुशवर (कड्यावर) टेकला की कटिंग थांबतं. जिरॉचा मोटरवाला ट्रिमर याच तत्त्वावर चालतो, पण तो लांबी कापता कापता तोंडाच्या आतली आणि बाहेरची कडही मारतो. पायलट नाही, आवळणं-सोडणं नाही, त्यामुळे कामाचा वेग कैक पटींनी वाढतो.

या तिसऱ्या पद्धतीवर एक आक्षेप हमखास ऐकू येतो: सायझिंगमध्ये खांदा मागेपुढे झाला तर एकूण लांबी बदलते. खरं आहे. पण तुमची डाय नीट लावलेली असेल तर हा फरक एकदोन हजारांशांचा, आणि आपल्याकडे जागा दहाची आहे. मला तरी ही तक्रार कागदावरचीच वाटते. खरी मर्यादा दुसरी आहे: .४५-७० सारख्या सरळ पुंगळीला खांदाच नसतो, तिथे हा प्रकार निरुपयोगी. आणि सायझिंग न केलेली पुंगळी यात घालायची नाही.

स्वस्तातला पर्याय कमी लेखू नका

एकाच कॅलिबरसाठी महिन्याकाठी थोडक्या पुंगळ्या करायच्या असतील तर लीचा गेज आणि कटर पुरतो. त्यातल्या पायलटची बारीक सळी बुडाच्या छिद्रातून पार जाऊन मागच्या तुकड्यावर टेकते, आणि लांबी तिथेच पक्की होते. सेटिंग करायची नसल्यामुळे ते बिघडण्याचाही प्रश्न नाही. हवं तर मागचा तुकडा ड्रिलमध्ये धरून पुंगळी फिरवता येते. अट एवढीच की जुना प्रायमर (बुडातली ठिणगी पाडणारी टोपी) काढलेला हवा आणि छिद्र मध्यभागी हवं. बर्डन पद्धतीच्या पुंगळीत छिद्रं बाजूला असतात, तिथे सळी जाणारच नाही.

दुसऱ्या टोकाला डिलनचा प्रेसवरचा ट्रिमर. तो सायझिंग आणि कटिंग एकाच हिसक्यात करतो आणि कीस ओढून घ्यायला त्याला व्हॅक्यूमची नळी जोडता येते. त्याच्या डायमध्ये एक्सपांडर नसल्याने मान नंतर वेगळी फुलवावी लागते. हजारोंनी पुंगळ्या करणाऱ्यालाच हा खर्च परवडतो, बाकीच्यांनी वाटेला जाऊ नये.

पायलट आणि कटर तपासा

पायलट मानेत सहज सरकला पाहिजे, पण डगमगता कामा नये. घट्ट असेल तर पितळ घासून त्याला चिकटतं आणि मानेच्या आत ओरखडे उठतात. सैल असेल तर तोंड तिरकं कापलं जातं. खूण सोपी आहे: कापलेल्या तोंडाकडे भिंगातून पाहा. एका बाजूला चकचकीत पट्टा रुंद आणि दुसऱ्या बाजूला जुना काळपटपणा तसाच दिसत असेल, तर कटर एकाच बाजूला लागतोय. पहिल्या कटाला हे चालतं, कारण पुंगळीचं तोंड मुळातच वाकडं असू शकतं. लांबी पूर्ण आल्यावरही तसंच दिसलं तर दोष ट्रिमरचा.

कटर हायस्पीड स्टीलचा की कार्बाइडचा? पितळ मऊ असतं, त्यामुळे थोड्या कामाला स्टील पुरे. मोटर लावून ढिगाने करायचं असेल तर कार्बाइड घ्या.

लांबी कापणं आणि आतली व बाहेरची कड मारणं ही तिन्ही कामं एकदम करणारा कटर मोहात पाडतो, कारण सगळ्यात कंटाळवाणं काम ट्रिमिंगनंतरची कड मारण्याचंच. पण मानेच्या भिंतीची जाडी कंपनीगणिक बदलते. मिसळलेल्या पुंगळ्यांवर तो कुठे जास्त कड मारेल, कुठे नुसताच शिवून जाईल. असा कटर घेणार असाल तर पुंगळ्या कंपनीप्रमाणे वेगळ्या करायची तयारी ठेवा.

सेटिंग आणि पहिली पुंगळी

नवा ट्रिमर आणल्यावर मर्यादेपेक्षा लांब असलेली पुंगळी घ्या आणि मुद्दाम लांब सेटिंगपासून सुरुवात करून थोडंथोडं कापत मोजा. उलट केलंत तर पहिलीच पुंगळी आखूड होईल. हवी ती लांबी आली की लॉक आवळा आणि पुन्हा एक कापून मोजा, कारण लॉक आवळतानाही सेटिंग किंचित सरकतं. नीट कापलेली एक पुंगळी खूण करून डब्यात ठेवली तर पुढच्या वेळी तिच्यावरूनच कटर लावता येतो. दर पंधरावीस पुंगळ्यांनंतर बुशमधला कीस झटका; खांद्याखाली एखादा तुकडा अडकला तर पुढच्या सगळ्या पुंगळ्या लांब निघतात.

आणि कापायला घेण्यापूर्वी बुडाच्या थोडं वर, बाहेरून उजळ वळं दिसतंय का तेही पाहून घ्या. मानेकडे सरकलेलं पितळ कुठून तरी आलेलंच असतं, आणि भिंत सहसा तिथेच पातळ होते. तारेच्या टोकाला छोटा आकडा वळवून आतून ओढून पाहा. तो त्या जागी खाचेत अडकला, तर पुंगळीची लांबी कितीही बरोबर असो, पकडीने तोंड चेपून ती भंगारात टाका.