कॅबचा आयआर घ्यायचाय? आधी अ‍ॅम्पला गप्प करा

गिटार कॅब म्हणजे स्पीकरची पेटी आणि आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स) म्हणजे तिच्यातून चाचणीचा आवाज सोडून, माइकने टिपून बनवलेली तिच्या आवाजाची डिजिटल छाप. या आयआरमध्ये स्पीकर, पेटी आणि माइक यांचा ठसा हवा, अ‍ॅम्पचा नको. 'व्हॉल्व्हचा (काचेच्या ट्यूबचा) अ‍ॅम्पच वापर, आवाजात ऊब येते' हा सल्ला मी एकदा ऐकला आणि दोन महिने माइक सूतसूत सरकवत बसलो. दोष माइकचा नव्हताच.

वॉटचा हव्यास नको. सेलेस्टियनचा व्हिंटेज 30 एका वॉटला एका मीटरवर 100 डेसिबल देतो आणि आपला माइक तर जाळीला टेकलेला असतो. वीस-तीस वॉट भरपूर झाले. मोठ्या पीए (सभा-कार्यक्रमांच्या लाउडस्पीकरच्या) अ‍ॅम्पच्या पंख्याची घरघर मात्र फुकट मिळते.

आता खरी मेख. आठ ओहमचा स्पीकर कागदावरच आठ ओहमचा असतो. बंद कॅबमध्ये साधारण 100 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे तो आपसूक सर्वांत जास्त थरथरतो त्या रेझोनन्सवर, त्याचा इम्पिडन्स (एसी सिग्नलला होणारा विरोध, ओहममध्ये) कित्येक पटींनी उसळतो, 400 च्या आसपास तळ गाठतो आणि पुढे पुन्हा चढत जातो. अ‍ॅम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स नगण्य असेल तर त्याला या चढउतारांशी देणंघेणं नसतं, व्होल्टेज तेच राहतं. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स मात्र मोठा, म्हणून त्याचं व्होल्टेज त्या चढांबरोबर वर जातं. आयआरचा खर्ज घुमतो, वरचे स्वर टोचतात. पुढे आयआर ज्यात वापरायचा त्या मॉडेलरमधला (गिटारच्या साखळीची डिजिटल नक्कल करणाऱ्या यंत्रातला) नकली पॉवर अ‍ॅम्पही तोच उठाव देतो, म्हणजे आमटीत मीठ दोनदा.

मग मी शहाणा होऊन ट्रान्झिस्टरचा गिटार अ‍ॅम्प आणला. पुन्हा तेच! असे काही अ‍ॅम्प करंट फीडबॅक लावून (म्हणजे आउटपुट इम्पिडन्स वाढवून) मुद्दाम व्हॉल्व्हसारखे वागवलेले असतात, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. तेव्हापासून पाटीवर विश्वास नाही, मीटरवर आहे.

लॅमिंग्टन रोडवरचा साधा मल्टिमीटर चालेल. कॅब जोडा, मीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या दोन टोकांना लावा. 400 हर्ट्झचा साइन टोन सोडून 3 व्होल्ट येतील इतका आवाज ठेवा. आठ ओहमला हा जेमतेम एक वॉट. आता नॉबला हात न लावता टोन 70 पासून 130 पर्यंत दहा-दहाने चढवा. आकडा दोन-तीन टक्क्यांत राहिला तर अ‍ॅम्प घ्या. 3 चे साडेतीन-चार झाले तर दुकानदार काहीही म्हणो, परत करा. वरच्या टोनवर ही चाचणी करू नका, स्वस्त मीटर तिथे खोटं बोलतात.

माझं मत विचाराल तर घरातला जुना हाय-फाय अ‍ॅम्प काढा. बास-ट्रेबल मध्यावर, लाउडनेस बंद. क्लास डी, म्हणजे स्विचिंग पद्धतीचा, घेतलात तर बहुतेकांत स्पीकरचं एकही टोक ग्राउंड नसतं. कुठलंच टोक धातूच्या चेसिसला किंवा ऑडिओ इंटरफेसच्या (संगणकाला माइक जोडणाऱ्या डबीच्या) ग्राउंडला चुकूनही लागू देऊ नका. मी एक बोर्ड असाच जाळला. आणि व्हॉल्व्ह अ‍ॅम्पवर तुलना करून बघायचीच असेल तर कॅबशिवाय तो कधीच चालू करू नका, ट्रान्सफॉर्मर जाईल.

पुढचं सोपं: दहा सेकंदांचा स्वीप (खालून वर चढत जाणारा साइन टोन), 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, मग डिकन्व्होल्यूशन, म्हणजे रेकॉर्डिंगमधून स्वीप वजा करून आयआर काढणारं सॉफ्टवेअरचं गणित. स्वीप चालू असताना पंखा आणि फ्रिज बंद.