पापुद्र्याची जाडी तुम्ही ठरवायची नसते

मेल्ट पूलच्या, म्हणजे अपघातात वितळून अणुभट्टीच्या तळाशी साचलेल्या गाभ्याच्या विषयात नव्याने आलेले हमखास विचारतात, कोणतं सॉफ्टवेअर शिकू? कोणतंही शिका. आधी कागदावर उष्णतेचा जमाखर्च मांडायला शिका. मी मांडला नाही आणि माझे आठ महिने पाण्यात गेले.

माझा प्रश्न नेहमीचाच होता. वितळलेला गाभा प्रेशर व्हेसलच्या (गाभा ज्यात असतो त्या पोलादी भांड्याच्या) तळाशी साचलाय, बाहेरून पाणी सोडलंय, तळ टिकेल का? अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रातल्या अपघातात, १९७९ मध्ये, टिकला होता. गाभ्याचा साधारण निम्मा भाग वितळला, सुमारे १९ टन ऐवज तळाशी उतरला, तरी भांडं फुटलं नाही. (तिथे पाणी आतून होतं, बाहेरून नव्हे. व्हायव्हात ही चूक करू नका.)

भांड्याच्या भिंतीलगत थिजलेल्या थराला, म्हणजेच पापुद्र्याला, मी 'कवच' म्हणायचे. कवच म्हटलं की बचाव आलाच! मग मी इनपुट फाइलमध्ये त्याची जाडी ५ सेंटिमीटर लिहून मोकळी झाले. उष्णतावाहकता ३ वॅट प्रति मीटर-केल्विन, दोन बाजूंच्या तापमानांत १,४०० अंशांचा फरक. थरातून भिंतीकडे जाणाऱ्या उष्णतेचं उत्तर आलं चौरस मीटरला ८४ किलोवॅट. भांडं सुरक्षित! सरांनी स्लाइड पाहिली आणि एवढंच विचारलं, "बाकीची उष्णता कुठे गेली?"

गेली कुठेच नव्हती. ३,००० मेगावॅट औष्णिक क्षमतेची भट्टी बंद पडून दिवस उलटला तरी आत १५ मेगावॅटच्या आसपास क्षय-उष्णता (किरणोत्सारी क्षयातून निघणारी) निघत असते. ती बाहेर पडली नाही, तर पूल तापतो, आतलं अभिसरण (तापलेल्या द्रवाचं वर-खाली फिरणं) जोर धरतं आणि थर आतून वितळू लागतो. किती? आतून जेवढी उष्णता येते, तेवढीच थरातून पार होईपर्यंत. थराची आतली बाजू लिक्विडस तापमानाला (ज्याच्या वर सगळंच द्रव असतं) असते, त्यामुळे भिंतीपर्यंत किती उष्णता पोचणार हे अभिसरण ठरवतं. जाडी त्यातून निघते. चौरस मीटरला अर्धा मेगावॅट येत असेल, तर वरच्याच आकड्यांनी थर उरतो ८ मिलिमीटर. सुप्त उष्णताही जाडी बदलत असेपर्यंतच हिशेबात येते, पुढे नाही. हे मला कळायला आणखी एक महिना लागला.

आणि सॉफ्टवेअरमधला मशी झोनचा (अर्धवट थिजलेल्या पट्ट्याचा) स्थिरांक फिरवून फिरवून प्रयोगाच्या आलेखाशी वक्र जुळवणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. पहिल्याच दिवशी जुनी इनपुट फाइल हातात ठेवणारे गाइडही मला आवडत नाहीत, त्यापेक्षा कोरी वही देणारे बरे.

घाबरू मात्र नका. थर कसा बसतो हे समजायला २,५०० अंश लागत नाहीत. जर्मनीतल्या कार्ल्सरुहच्या 'लाइव्ह' प्रयोगांत नायट्रेट क्षारांचं मिश्रण वितळवतात आणि शेवटी उरलेला द्रव काढून घेऊन थराची जाडी चक्क मोजतात. तो डेटा घ्या, एकमितीय गणित हाताने करा. दोन आठवड्यांचं काम आहे, जमतं.

पूलवर तरंगणाऱ्या वितळलेल्या धातूच्या पातळ थरात उष्णता कडेला एकवटते, ते प्रकरण वेगळं. पहिल्या वर्षी तिकडे फिरकू नका.