नाशिकची वाइन परदेशात नेताय? आधी मधला विमानतळ बघा

माझी लेक हॅम्बुर्गला असते, त्यामुळे गंगापूर धरणाकडच्या वायनरीतून बाटल्या घ्यायच्या, बॅगेत भरायच्या आणि मुंबई गाठायची हे आता अंगवळणी पडलंय. आणि दर वेळी कुणी ना कुणी सांगतंच, अहो विमानात प्रेशरने बाटली फुटते, नेऊ नका. नाही फुटत. प्रवासी विमानात खाली बॅगा ठेवतात तिथेही केबिनसारखाच हवेचा दाब असतो. बाटली फुटते ती बॅग आपटल्यामुळे, आणि त्याला उपाय आहे.

ड्युटी न भरता किती न्यायची हे उतरायच्या देशावर. युरोपियन युनियनमध्ये साधी, म्हणजे फेसाळ नसलेली, वाइन ४ लिटर चालते, म्हणजे ७५० मिलीच्या ५ बाटल्या, ब्रिटनमध्ये १८ लिटर, ऑस्ट्रेलियात सगळी दारू मिळून सव्वादोन लिटर, अमेरिकेत १ लिटर म्हणजे धड दीड बाटलीसुद्धा नाही. आणि वजन धरा, भरलेल्या ५ बाटल्या ६ किलोच्या पुढे जातात.

विमानाचा नियम वेगळा, तो अल्कोहोलच्या टक्क्यावर. आपली वाइन १२-१४ टक्क्यांची, २४ टक्क्यांपर्यंत तो नियम लागतच नाही. २४ ते ७० टक्के असेल, म्हणजे व्हिस्की, रम वगैरे, तर माणशी ५ लिटर आणि तीही दुकानातल्या मूळ पॅकिंगमध्येच, ७० च्या वर अजिबात नाही. पेठ-सुरगाण्याकडून कुणी प्रेमाने मोहाची आणून दिली असेल तर ती घरीच राहू द्या, पाण्याच्या बाटलीतली दारू हे मूळ पॅकिंग नाही.

पॅकिंग: बाटलीवर जाड लोकरी मोजा चढवा, मग झिपची पिशवी, मग बॅगेच्या मधोमध कपड्यांत, चाकांच्या बाजूला नको आणि कडेलाही नको, दोन बाटल्या एकमेकींना टेकता कामा नयेत. बुचापेक्षा स्क्रू कॅपवाली बरी. हँडबॅगेत १०० मिलीच्या वर काही जात नाही, त्यामुळे सगळं चेक-इनमध्येच. मे महिन्यात बॅग गाडीच्या डिकीत तासन्‌तास ठेवू नका, उन्हाने वाइनची चव जाते.

आता खरी अडचण, जी मला कुणीच सांगितली नव्हती. मधला विमानतळ.

एकाच तिकिटावर मुंबई ते शेवटचं ठिकाण असेल आणि बॅग थेट तिथेच निघणार असेल तर मधल्या देशाच्या कस्टमशी सहसा संबंध येत नाही. पण स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली तर मध्ये बॅग उचलावी लागते, म्हणजे तुम्ही त्या देशात शिरलात, आणि मग तिथला कायदा तुमच्या बाटल्यांना लागू. दुबईत ४ लिटर चालते आणि शेजारच्याच शारजात दारूबंदी, कुवेतमध्ये तर आणायलाच पूर्ण बंदी. लोक फक्त भाडं बघतात. नाशिकच्या ओझर विमानतळावरून अहमदाबादमार्गे जायचा विचार असेल तरी हेच, गुजरातमध्ये परमिटशिवाय बाटली जवळ बाळगणं गुन्हा आहे. बाटल्या असतील तर तो मार्ग घेऊच नका, दोन पैसे जास्त द्या.

दुसरं, ड्युटी-फ्रीची पिशवी. परत येताना मी हॅम्बुर्गला एक लिटरची व्हिस्की घेतली, काउंटरवरच्या मुलीने ती पारदर्शक पिशवीत घालून, बिल आत टाकून सील केली. विमानात ती पिशवी पायात येत होती म्हणून मी फाडली आणि बाटली पाठीवरच्या सॅकमध्ये टाकली. मध्ये विमान बदलताना परत सिक्युरिटी, आणि तिथे सॅकमधून बाटली निघाली. मी फाटकी पिशवी दाखवली, बिल दाखवलं, त्याच दिवसाची तारीख होती. त्या माणसाने बिलाकडे बघितलंसुद्धा नाही, बाटली बाजूच्या पिंपात ठेवली. नियमाने त्याचं बरोबर होतं, सील तुटलं की ती बाटली म्हणजे १०० मिलीच्या वरचं साधं लिक्विड. घरच्यांसाठी म्हणून हौसेने घेतलेली वस्तू अशी डोळ्यांदेखत जाते तेव्हा फार वाईट वाटतं, म्हणून हात जोडून सांगतो, घरी पोचेपर्यंत ती पिशवी उघडू नका, कितीही अडचण होवो. आणि माझं ऐकाल तर पहिल्या विमानतळावर घेऊच नका, शेवटच्या विमानाआधी घ्या, किंवा सरळ मुंबईत उतरल्यावर अरायव्हलच्या ड्युटी-फ्रीमधून. अमेरिकेला जाताना तर तिथे उतरल्यावर पहिल्याच विमानतळावर बॅग ताब्यात मिळते, तेव्हाच ड्युटी-फ्रीची बाटली चेक-इन बॅगेत टाकून बॅग परत द्या.

भारतात येताना माणशी २ लिटर, वाइन-व्हिस्की-बिअर सगळं धरून, मुंबईत उतरून घेतलेलीही त्यातच. ७५० मिलीच्या ३ बाटल्या सव्वादोन लिटर होतात, तेव्हा दोनच आणा, किंवा तिसरी असेल तर गुपचूप ग्रीन चॅनलने न जाता रेड चॅनलला जाऊन सांगा आणि ड्युटी भरा.