ऑफिस बदललं तरी ॲड-इन चालत राहावं म्हणून

नवं मायक्रोसॉफ्ट ऑफिस बसवल्यावर एक्सेलमधलं आपलं बटण गेलं, अशी तक्रार घेऊन कोणी आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तुमचं ऑफिस ३२ बिटचं की ६४ बिटचं? बहुतेकांना ते ठाऊक नसतं. एक्सेल उघडा, फाईलमध्ये जा, मग अकाउंट, मग अबाउट एक्सेल. वरच्याच ओळीच्या शेवटी ते लिहिलेलं असतं. विंडोज ६४ बिटचं आहे म्हणजे ऑफिसही तसंच असेल, असं धरून चालू नका. ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटचं ऑफिस सुखाने नांदतं, आणि ॲड-इनला, म्हणजे एक्सेलला जोडून नवी बटणं आणि फंक्शन्स देणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, काम पडतं ते ऑफिसशी.

मी फोंड्यात राहते आणि फोंडा, डिचोली, सत्तरी भागातल्या लहान कचेऱ्यांसाठी एक्सेलची ॲड-इन लिहिते. पतसंस्थेचं व्याजपत्रक, देवस्थानच्या अभिषेकाच्या पावत्या, महाजनांची (देवस्थानच्या वंशपरंपरागत सभासदांची) यादी, काजूच्या वखारीतली वजनाची नोंद, आणि अंकी रक्कम मराठीत अक्षरी करून देणारं एक फंक्शन. या कचेऱ्यांना मोठं सॉफ्टवेअर परवडत नाही. तिथे एक्सेलची फाईल आणि तिला जोडलेलं ॲड-इन हाच सगळा हिशेब असतो. नवा संगणक आला की त्याच्याबरोबर नवं ऑफिस येतं, आणि मार्चअखेरच्या तोंडावर तो हिशेब अडला तर माणसं खरोखर रात्री जागतात. म्हणून हा विषय मला जिव्हाळ्याचा वाटतो.

माझं सांगणं एकच आहे. ॲड-इनने ऑफिसला त्याचं वय विचारू नये, तुला काय काय येतं ते विचारावं. वय विचारून उपयोगही नाही. ॲप्लिकेशन डॉट व्हर्जन हा गुणधर्म २००७ला १२ सांगतो, २०१०ला १४, २०१३ला १५ आणि २०१६ला १६. इथपर्यंत ठीक. पण त्यानंतर २०१९, २०२१, २०२४ आणि वर्गणीवर मिळणारं ३६५, सगळीच १६ सांगतात. त्या आकड्यावर बेतलेली ‘अमुक आवृत्ती असेल तर तमुक कर’ अशी इफची शिडी २०१६पाशी संपते.

आधी ६४ बिटचा प्रश्न निकालात काढू, कारण ॲड-इन एका झटक्यात आडवं होतं ते बहुधा याच्यामुळे. ऑफिस २०१०पासून व्हीबीएची, म्हणजे माझी ॲड-इन जिच्यात लिहिली जातात त्या ऑफिसमधल्या भाषेची, सातवी आवृत्ती आली आणि ऑफिस पहिल्यांदाच ६४ बिटमध्ये मिळू लागलं. २०१९पासून तर नेहमीच्या पद्धतीने बसवलं की ६४ बिटचंच बसतं. जुन्या ॲड-इनमध्ये विंडोजची फंक्शन्स बोलावणाऱ्या डिक्लेअरच्या ओळी असतील, तर ६४ बिटचं ऑफिस तिथेच थांबून कोड सुधारून घ्या असा निरोप देतं. प्रत्येक डिक्लेअरनंतर पीटीआरसेफ हा शब्द घाला. पण तेवढ्यावर सोडू नका. पीटीआरसेफ म्हणजे ‘मी ही ओळ तपासली आहे’ अशी तुम्ही दिलेली हमी आहे. तो शब्द स्वतः काहीच दुरुस्त करत नाही. खिडकीचं हँडल (विंडोजने तिला दिलेला ओळख-क्रमांक) किंवा स्मृतीतला पत्ता धरणारं प्रत्येक चल (व्हेरिएबल) लाँग या ३२ बिटच्या प्रकारातून लाँगपीटीआर या ऑफिसच्या बिटाप्रमाणे रुंद होणाऱ्या प्रकारात न्यावं लागतं. विंडोजचं फाइंडविंडो हे फंक्शन जे परत देतं ते हँडल, म्हणून लाँगपीटीआर. स्लीपला दिलेले मिलिसेकंद हा साधा आकडा, तो लाँगच राहू द्या. सरसकट फाइंड-रिप्लेस मारून सगळी लाँग बदललेली फाईल माझ्याकडे दुरुस्तीला येते, तेव्हा मूळ चुकांपेक्षा त्या बदलाच्या चुका शोधायलाच जास्त वेळ जातो.

यातच आणखी एक गल्लत होते. कोडमध्ये लिहायच्या व्हीबीए७ आणि विन६४ या दोन अटी वेगळ्या आहेत. पहिली पीटीआरसेफ हा शब्द या व्हीबीएला कळतो का ते सांगते, दुसरी हे ऑफिस ६४ बिटचं आहे का ते सांगते. ३२ बिटच्या ऑफिस २०१०लाही पीटीआरसेफ आणि लाँगपीटीआर कळतात. म्हणजे तुमच्या कोणत्याच ग्राहकाकडे २००७ उरलं नसेल, तर दोन-दोन डिक्लेअर लिहायची गरज नाही. एकच लिहा, नीट लिहा.

पतसंस्थांचा जुना डेटा पुष्कळदा ॲक्सेसच्या एमडीबी फाईलमध्ये असतो आणि कोड तो जेट ४.० या जुन्या डेटा वाचणाऱ्या घटकातून वाचतो. जेट ६४ बिटमध्ये नाहीच. जोडणीच्या ओळीत त्याच्या जागी आलेला एसीई लिहा, आणि तो ऑफिसच्याच बिटचा बसलेला आहे ना ते तिथल्या तिथे पाहून घ्या.

हे सगळे ओरडणारे दोष. निरोप येतो, माणूस फोन करतो, आपण दुरुस्त करतो. मला काळजी असते ती गुपचूप चुकणाऱ्या गोष्टींची.

एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण ते आपल्याकडे अजून सापडतं. गोव्यात १ एप्रिल २००५ला व्हॅट आला. तेव्हाच्या एक्सेल २००३च्या फाईलमध्ये कोणी दराच्या सेलला इंग्रजी अक्षरांत ‘व्हॅट२००५’ असं नाव दिलं. तेव्हा एक्सेलमध्ये २५६ कॉलम होते, शेवटचा आयव्ही; त्यामुळे तीन अक्षरं आणि पुढे आकडा हे निर्धास्त नाव होतं. एक्सेल २००७मध्ये कॉलम १६,३८४ झाले आणि शेवटचा कॉलम एक्सएफडी ठरला. व्हीएटी हा आता खराखुरा कॉलम आहे आणि व्हॅट२००५ हा त्या कॉलममधल्या २,००५व्या ओळीतल्या सेलचा पत्ता. फाईल नव्या रूपात बदलताना एक्सेल त्या नावाच्या सुरुवातीला अधोरेषा लावून ते वाचवतं, शीटवरची सूत्रंही सुधारतं. मात्र व्हीबीएच्या कोडमध्ये अवतरणात लिहिलेलं नाव तसंच राहतं. आता तो कोड दूरवरचा रिकामा सेल वाचतो. दर शून्य, कर शून्य, आणि कुठेही तक्रार नाही. जुनी फाईल हाती आली की मी आधी नेम मॅनेजर उघडते आणि अधोरेषेने सुरू होणारी नावं कोडमध्ये शोधते. नवं नाव देताना शब्दांच्या मध्ये अधोरेषा घाला, म्हणजे ते कधीच पत्ता ठरणार नाही.

त्याच फाईलमध्ये शेवटची ओळ शोधायला ६५,५३६ हा आकडा लिहिलेला असतो. जुनी मर्यादा ती होती. आता १०,४८,५७६ ओळी आहेत. आकडा पुसा आणि एकूण ओळी सांगणारं ‘रोज डॉट काउंट’ (Rows.Count) लिहा. ओळी मोजणारं चल इंटिजर असेल तर ते ३२,७६७च्या पुढे फुटतं, लाँग करा.

नव्या एक्सेलमधला दुसरा मुका बदल म्हणजे एका सूत्राचं उत्तर आजूबाजूच्या सेलमध्ये सांडणं. ३६५मध्ये आणि २०२१पासून हे आहे. कोडमधून फॉर्म्युला या गुणधर्माने सूत्र लिहिलं तर एक्सेल जुन्या रीतीने एकच उत्तर देतं आणि गरज वाटेल तिथे सूत्रात @ घालतं. सांडणारं उत्तर हवं तर फॉर्म्युला२ वापरावं लागतं. अडचण अशी की २०१६ला फॉर्म्युला२ माहीतच नाही, आणि रेंज म्हणून जाहीर केलेल्या चलावर तो लिहिला तर सगळा मॉड्यूल कंपाइलच होत नाही. मी तेवढ्या एका जागी चल ऑब्जेक्ट म्हणून जाहीर करते. मग कंपाइल होतं, आणि गुणधर्म नसेल तर चालताना ४३८ क्रमांकाची चूक येते, ती पकडून जुन्या वाटेने जाता येतं. ‘तुला हे येतं का’ असं विचारणं म्हणजे कोडच्या भाषेत नेमकं हेच. ॲड-इन सुरू होताना ही परीक्षा एकदा घ्या, उत्तर एका चलात ठेवा, आणि बाकी सगळ्या कोडने त्या चलाकडे पाहावं.

आउटलूक किंवा वर्डला कोडमधून हाक मारत असाल, तर व्हीबीएच्या रेफरन्सच्या यादीत खूण करण्यापेक्षा क्रिएटऑब्जेक्ट वापरा. नव्या ऑफिसवर सेव्ह केलेला रेफरन्स जुन्या ऑफिसवर ‘मिसिंग’ दिसतो, आणि मग लेफ्ट, ट्रिम यांसारखी साधी फंक्शन्सही रुसतात.

आता मराठीचा भाग. व्हीबीएच्या संपादकात देवनागरी चिकटवलं की प्रश्नचिन्हं उमटतात. तो संपादक युनिकोडच्या आधीच्या काळातला आहे, आणि विंडोजमध्ये मराठी-कोकणीसाठी जुन्या पद्धतीचं कोडपेज (अक्षरांना क्रमांक देणारा तक्ता) कधी नव्हतंच. मेसेजबॉक्सचंही तेच. म्हणून मी सगळे मराठी निरोप, ‘एक’पासून ‘नव्याण्णव’पर्यंतचे आकडे, ‘शे’, ‘हजार’, ‘लाख’, ‘कोटी’, हे सगळं ॲड-इनच्याच आतल्या एका शीटवर ठेवते. कोड फक्त सेल वाचतो. निरोप दाखवायला छोटा यूजरफॉर्म (आपण आखलेली खिडकी) करते. त्यातल्या लेबलला निर्मला यूआय फॉन्ट दिला की मराठी स्वच्छ दिसतं. रिबनच्या, म्हणजे एक्सेलच्या वरच्या पट्टीच्या, बटणांची नावं एक्सएमएलमध्ये असतात, तिथे थेट देवनागरी लिहिता येतं. याचा मोठा फायदा असा की देवस्थानच्या कारकुनाला निरोपातला शब्द खटकला, तर कोडला हात न लावता तो बदलून देता येतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली नावं असतील तर ती आधी बदलून घ्या. ती फक्त दिसायला मराठी असतात. क्रमवारी आणि शोध दोन्ही त्यांच्यावर चुकतात.

शीटवर ठेवलेल्या ॲक्टिव्हएक्स बटणांचा वापर सोडा. ऑफिस २०२४मध्ये ती मुळातच बंद असतात आणि ३६५मध्येही तोच नियम आला आहे. तारीख निवडायचं जुनं कॅलेंडर तर २०१०मध्येच काढून टाकलं गेलं. बटणं रिबनवर न्या. रिबन जमत नसेल तर फॉर्म कंट्रोलचं साधं बटण चालतं.

मग ॲड-इन ग्राहकापर्यंत पोहोचवणं. चांगलं लिहिलेलं ॲड-इन इथे हरतं. ईमेलने किंवा व्हॉट्सॲप वेबवरून उतरवलेल्या फाईलवर विंडोज ‘इंटरनेटवरून आली’ अशी खूण करतं, आणि २०२२पासून ऑफिस अशा फाईलमधले मॅक्रो (व्हीबीएचा कोड) मुळातच अडवतं. ॲड-इनच्या बाबतीत इशाऱ्याची लाल पट्टी दिसेलच असं नाही. ‘ताई, यादीत टिक आहे पण टॅब दिसत नाही,’ असा फोन येतो. एक्सेल बंद करायला सांगा, फाईलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली अनब्लॉकवर टिक, आणि पुन्हा एक्सेल उघडा. दर आवृत्तीला हे नको असेल तर त्या संगणकावर एक फोल्डर ट्रस्टेड लोकेशन (एक्सेलने विश्वासाची मानलेली जागा) करून ॲड-इन तिथे ठेवा. मॅक्रोची सुरक्षा पूर्ण उघडी करून देऊ नका, ग्राहकाने आग्रह केला तरी. त्या संगणकावर ठेवीदारांची खाती आहेत.

वर्कबुकच्या शेजारी आपली सेटिंगची फाईल ठेवायची सवयही आता सोडायला हवी. वनड्राइव्हवरच्या वर्कबुकचा पाथ विचारला की एचटीटीपीएसने सुरू होणारा पत्ता मिळतो आणि फाईल शोधणारं डीआयआर फंक्शन तिथे अडखळतं. सेटिंग विंडोजच्या ॲपडेटा फोल्डरमधल्या आपल्या फोल्डरमध्ये ठेवा.

जावास्क्रिप्टने लिहायच्या नव्या ॲड-इनबद्दल मला नेहमी विचारतात. ती विंडोज, मॅक, आयपॅड आणि ब्राउझर, सगळीकडे चालतात, आणि ‘तुला काय येतं’ विचारायची सोय त्यांच्यात जन्मापासून आहे: इजसेटसपोर्टेड या फंक्शनला एक्सेलएपीआय हे नाव आणि हवा तो क्रमांक द्यायचा, उत्तर हो किंवा नाही येतं. पणजीतल्या ज्या हिशेबनीसांच्या कार्यालयात कोणी मॅकवर, कोणी ब्राउझरमध्ये काम करतं, तिथे मी हीच वाट घेते. नव्या आउटलूकसाठी तर दुसरी वाटच नाही, कारण ते जुन्या पद्धतीचं कॉम ॲड-इन घेत नाही. पण या ॲड-इनची पानं वेब सर्व्हरवरून येतात. सत्तरीत जूनच्या पावसात वीज आणि नेट दोन्ही जातात, आणि यूपीएसवर तग धरून बसलेल्या काउंटरला पावती फाडायचीच असते. तिथे मी आजही एक्सएलएएम, म्हणजे व्हीबीएची ॲड-इन फाईल, देते. शिवाय विकत घेतलेलं २०१६ आणि २०१९ ही पानं इंटरनेट एक्सप्लोररच्या जुन्या इंजिनात उघडतं, तेव्हा आधुनिक जावास्क्रिप्ट जुन्या रूपात उतरवून द्यावं लागतं. त्या दोन्ही आवृत्त्यांचा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. ग्राहकाला हे स्पष्ट सांगा, आणि तो बदलेपर्यंत त्याचं काम चालू ठेवा.

तपासणी ग्राहकाकडच्या सगळ्यात जुन्या ऑफिसवर सुरू करा. कोड तिथे कंपाइल करून सेव्ह करा आणि मग नव्यावर चालवा. प्रत्येक आवृत्तीवर मी त्याच एका फाईलवरून मागच्या वर्षाचं व्याजपत्रक काढते आणि लेखापरीक्षकाने सही केलेल्या छापील प्रतीशी बेरजा ताडून पाहते. पैशाचा फरक आला तरी पुढे जात नाही. नव्या फाईलच्या नावात तारीख घाला, जुनी त्याच संगणकावर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि निदान एक मार्चअखेर नव्यावर पार पडेपर्यंत ती काढू नका.