कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यातले फोटो निळे-पिवळे येतात? कोकणात फोटो काढताना आणि पाठवताना या चुका टाळा

चतुर्थीला गावच्या घरातून मुंबईत अडकलेल्या भावंडांना फोटो जातात आणि थोड्या वेळात उत्तर येतं, "गणपती निळो कित्याक दिसता रे?" मग सगळा दोष व्हॉट्सॲपच्या माथी. व्हॉट्सॲप फोटो लहान करतं, बारकावे पुसतं, हे खरं. पण पांढऱ्याचं निळं ते सहसा करत नाही. निळेपणा बहुतेक वेळा कॅमेऱ्यातूनच आलेला असतो, नाहीतर तो घालवायला म्हणून केलेल्या दुरुस्तीतून. रंग नेमका कुठे बिघडला हे न बघताच स्लायडर सरकवायला घेणं, ही सगळ्यात मोठी चूक.

बघायची रीत सोपी आहे. कार्डावरची मूळ फाइल, फोनमध्ये उतरवलेली फाइल आणि समोरच्याला मिळालेला फोटो, तिन्ही एकाच स्क्रीनवर एकामागोमाग उघडा. मूळ फाइलच निळी असेल तर प्रश्न व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा उजेडाप्रमाणे करतो त्या रंगजुळणीचा. मूळ छान, पण फोनवर आलेली लहान आणि अस्पष्ट, तर प्रश्न उतरवण्याच्या सेटिंगचा. तिन्ही तुमच्याकडे ठीक आणि फक्त मामांच्या फोनवर पिवळ्या, तर मामांनी डोळ्यांना त्रास नको म्हणून रात्रीचा पिवळा मोड चालू ठेवलाय. तुम्ही काही करू नका.

ऑटोवर सगळं सोडून देणं

ऑटो व्हाइट बॅलन्सला नावं ठेवायचं कारण नाही. भरदुपारी दापोलीच्या रस्त्यावर काढलेल्या दहातल्या नऊ फोटोंना ते पुरतं. पण त्याचं काम अंदाजाचं आहे. समोर काय आहे हे त्याला ठाऊक नसतं. चौकटीतले रंग एकत्र धरून उजेड कुठल्या छटेचा असेल ते ते ताडतं आणि ती छटा तोडायला उलटा रंग घालतं. नव्या कॅमेऱ्यांतला हिशेब याहून हुशार असतो, पण गाभा हाच. आणि कोकणात चौकट एकाच रंगाने भरायला वेळ लागत नाही. जांभ्या चिऱ्याची भिंत जवळून घेतली की कॅमेऱ्याला वाटतं उजेडच तांबडा आहे. तो निळसर छटा ओततो आणि चिरा मातकट दिसतो. पोफळीच्या बागेत तर दोन गोष्टी एकदम होतात. पानांतून गाळून आलेला उजेड खरोखरच हिरवा असतो आणि मागची झाडंही हिरवीच. यातला उजेड किती आणि झाड किती हे कॅमेऱ्याला वेगळं करता येत नाही. मग एका फोटोत चेहरे हिरवट, दोन पावलं सरकून काढलेल्या दुसऱ्यात जांभळट.

यात खरा आर्थिक फटका बसतो तो आंबेवाल्यांना. आता पुष्कळ बागायतदार पेटीचे फोटो थेट गिऱ्हाइकाला पाठवतात. पिवळ्या फळांनी भरलेली पेटी चौकटभर घेतली की ऑटो तो पिवळा कापून टाकतं आणि पिकलेला हापूस फिकट, अर्धकच्चा दिसतो. यावर उपाय म्हणून लोक फोटो पिवळा करत सुटतात. तो त्याहून वाईट. आढीत पिकलेल्या हापूसवर देठाजवळ लाली असते, कुठे हिरवी झाक राहिलेली असते. सगळी फळं एकसारखी पिवळीधमक दिसली की जाणत्या गिऱ्हाइकाच्या मनात पहिली शंका येते ती कार्बाइडची, म्हणजे फळं पिकवायला ज्याच्या वापरावर बंदी आहे त्या पदार्थाची. चोख माल देऊन फोटोमुळे बदनाम व्हायचं, याला काय म्हणावं! पेटी पडवीच्या कडेला उघड्या सावलीत ठेवा, कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ऑटोवरून 'शेड'वर, म्हणजे सावलीच्या पर्यायावर न्या, तो नसेल तर 'क्लाउडी'वर, म्हणजे मळभाच्या. दोन-चार फळांभोवती गवत आणि पेटीचं लाकूडही दिसू द्या. एवढ्याने काम होतं.

हे पर्याय कशावर बेतलेत ते थोडक्यात. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. पिवळा बल्ब साधारण २७०० केल्विन, दुपारचं ऊन ५२०० ते ५५००, मळभ ६००० ते ६५००, आणि निरभ्र आकाशाखालची सावली ७००० च्या वर. आकडा चढेल तसा उजेड निळसर. इथे एक गफलत हमखास होते. कॅमेऱ्यात केल्विनचा आकडा वाढवला की फोटो पिवळसर होतो, निळा नाही, कारण 'उजेड एवढा निळा आहे' असं तुम्ही कॅमेऱ्याला सांगता आणि तो ते निळेपण तोडायला बसतो.

रात्रीचं सेटिंग सकाळी तसंच

देवघरातल्या बल्बखाली 'टंगस्टन', म्हणजे पिवळ्या बल्बचं सेटिंग लावलं, फोटो झकास आले, कॅमेरा पिशवीत गेला. दुसऱ्या दिवशी गणपतीपुळ्याची अख्खी किनार निळी. बऱ्याच कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांत बंद करून चालू केल्यावरही हे सेटिंग कायम राहतं. कॅमेरा ठेवण्यापूर्वी ऑटोवर परत आणायची सवय लावा.

पांढरा कागद दाखवला, तरी रंग चुकला

'कस्टम' व्हाइट बॅलन्स ही कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यातली सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी सोय. पांढरी किंवा राखाडी वस्तू चौकटीच्या मध्यभागी धरून कॅमेऱ्याला सांगायचं, ही रंगहीन धर, बाकीचं त्यावरून जुळव. पण कागद धरायचा कुठे? माणसं खिडकीपाशी उभी राहून कागद दाखवतात आणि मग मखराचा फोटो काढतात. कागद मूर्तीच्या शेजारी, मूर्तीवर पडतो त्याच उजेडात धरायचा. त्यावर आपली सावली पडू देऊ नका, आणि तो इतका भगभगीत येऊ देऊ नका की पांढऱ्याशिवाय काही उरणारच नाही.

कागदाचीही एक गंमत आहे. झेरॉक्सच्या शुभ्र कागदात चकाकी आणणारी रसायनं असतात. उन्हातल्या अतिनील किरणांत ती निळसर उजळतात. म्हणजे तुमचा पांढरा मुळात थोडा निळा, आणि त्यावर जुळवलेला फोटो थोडा पिवळा. फोटोच्या दुकानात मिळणारं राखाडी कार्ड यासाठीच असतं. महाग नसतं आणि बटव्यात मावतं.

पावसाळ्यात खळ्यावर किंवा पडवीपुढे निळी ताडपत्री ताणलेली असते. तिच्याखाली कस्टम सेटिंगही मेटाकुटीला येतं, कारण त्या उजेडात लाल रंग फारसा नसतोच. तिथे काढलेले बारशाचे फोटो वाचवण्यात संध्याकाळ घालवण्यापेक्षा पाळणाच चार हात बाहेर, ओटीच्या दाराशी घ्या.

दोन उजेडांची खिचडी

गणपतीच्या खोलीत एका बाजूने खिडकीतला ढगाळ उजेड, वर पांढरी ट्यूब, मखराला रंग बदलणारी एलईडी माळ, पुढ्यात समई. यातला कुठला उजेड पांढरा धरायचा? कुठलाही धरला तरी बाकीचे रंगीतच दिसणार. व्हाइट बॅलन्स अख्ख्या फोटोला एकच दुरुस्ती लावतो. एका कोपऱ्यात निळा आणि दुसऱ्यात पिवळा असेल तर एका स्लायडरने दोन्ही सुटत नाहीत. म्हणून दुरुस्ती आधी खोलीत करा. खिडकीचा पडदा ओढा किंवा ट्यूब बंद करा, माळ एका रंगावर थांबवा. मूर्तीवर पडणारा मुख्य उजेड एकच राहिला की समईचा पिवळेपणा उलट शोभतो.

फ्लॅशचंही तेच. फ्लॅशचा उजेड साधारण दुपारच्या उन्हाइतका, ५५०० केल्विनच्या आसपास. पिवळ्या बल्बच्या खोलीत तो उडवला की पुढचे चेहरे पांढरे आणि मागची भिंत नारिंगी.

स्वस्त एलईडीचा त्रास वेगळा. तिच्या उजेडात हिरवी झाक असते आणि ती केल्विनच्या स्लायडरने जात नाही, कारण तो फक्त निळं-पिवळं पाहतो. त्यासाठी हिरव्या-जांभळटाचा दुसरा स्लायडर असतो, त्याला 'टिंट' म्हणतात. कित्येकांना तो असतो हेच माहीत नसतं. ते फोटो पिवळा-निळा करत राहतात आणि चेहरे आजारीच दिसतात.

दशावताराच्या फोटोंना मात्र मी हात लावत नाही. रंगमंचावरचा उजेड रंगीत असतो तो मुद्दामच. राक्षसाचा तांबडा चेहरा 'दुरुस्त' करून गोरा केला तर उरलं काय?

दुरुस्ती करताना फोटो आणखी बिघडवणं

आधी स्वतःच्या स्क्रीनकडे बघा. रात्रीचा पिवळा मोड चालू ठेवून फोटो सुधारायला बसलात, तर तुम्ही तो पिवळेपणा फोटोतून काढायला बघाल आणि सकाळी सगळे फोटो निळे निघतील. तो बंद करा, आणि फोनच्या स्क्रीनला भडक आणि नैसर्गिक असे पर्याय असतील तर नैसर्गिक निवडा. भर उन्हात किनाऱ्यावर उभं राहून कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावरून रंग ठरवणं तर सोडूनच द्या.

स्नॅपसीडसारख्या ॲपमध्ये व्हाइट बॅलन्ससाठी ड्रॉपर असतो: फोटोतल्या रंगहीन जागेवर ठेवला की बाकीचे रंग त्याप्रमाणे हलतात. चूक होते ती जागा निवडताना. आजोबांचं धोतर पांढरं वाटतं, पण त्याला नीळ दिलेली असते. त्यावर ड्रॉपर ठेवला की आजोबा पिवळे. वाळू पांढरी नसते, पिवळसर असते. स्टीलचा तांब्या आजूबाजूचे रंग दाखवतो. लाटांचा फेस चालेल, पण उन्हात जळून नुसता पांढरा झालेला नव्हे. त्यात रंगाची माहितीच उरलेली नसते. यापेक्षा पहिल्याच फोटोत कोपऱ्यात राखाडी कार्ड घ्या, त्यावर दुरुस्ती करा आणि त्याच उजेडातल्या पुढच्या फोटोंना तीच लावा.

जेपीजी फाइलमध्ये व्हाइट बॅलन्स मुरलेला असतो. थोडासा हलवता येतो, पण टंगस्टनवर काढलेला निळाशार किनारा पूर्ण परत येत नाही. त्वचेवर डाग आणि आकाशात पट्टे दिसू लागतात. रॉ फाइलमध्ये सेन्सरची मूळ माहिती असते, म्हणून रंग नंतर ठरवता येतो. कॅननची जी मालिका, सोनीची आरएक्स१००, रिकोह जीआर अशा कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांत रॉ मिळतं. लग्न, बारसं, गणपती अशा पुन्हा न येणाऱ्या दिवशी रॉ आणि जेपीजी दोन्ही चालू ठेवा. संगणकावर रॉ सुधारायची डार्कटेबल आणि रॉथेरपी ही ॲपं फुकट आहेत.

सूर्यास्ताला ऑटो नको. हर्णैच्या बंदरावरची केशरी संध्याकाळ ते अर्धी धुऊन टाकतं. 'डेलाइट' लावा, डोळ्यांना दिसलं त्याच्या जवळपास येईल.

पाठवताना

कॅमेऱ्यातून वायफायने फोनवर फोटो घेताना तो पूर्ण आकारात येतोच असं नाही. निकॉनचं स्नॅपब्रिज आपोआप पाठवतं ते २ मेगापिक्सलचे फोटो. इतर कंपन्यांच्या ॲपमध्येही लहान आकाराची निवड असते. 'ओरिजिनल' आहे का ते तपासा, किंवा सरळ कार्ड रीडर फोनला लावा.

व्हॉट्सॲपवर २०२३ पासून एचडीचा पर्याय आहे, पण छपाईसाठी पाठवायचा असेल तर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा. मूळ फाइल जशीच्या तशी जाते. मात्र तिच्यातली माहितीही तशीच जाते. कॅमेरा फोनकडून जागेची नोंद घेत असेल तर घराचा ठावठिकाणा अनोळखी गिऱ्हाइकाला मिळतो. अशा वेळी साधा फोटो म्हणून पाठवणं बरं. स्क्रीनशॉट काढून पुढे पाठवणाऱ्यांना समजावणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे.

कॅमेऱ्यात रंग नोंदवायची पद्धत (कलर स्पेस) 'ॲडोबी आरजीबी' निवडलेली असेल तर ती 'एसआरजीबी' करा. 'ॲडोबी आरजीबी' न ओळखणाऱ्या ॲपमध्ये फोटो निस्तेज दिसतो आणि लोक व्हाइट बॅलन्सशी झटापट करत बसतात. दुरुस्ती नेहमी प्रतीवर करा. जेपीजी उघडून पुन्हा पुन्हा सेव्ह केलं की दर वेळी थोडी गुणवत्ता जाते.

जे मुळात व्हाइट बॅलन्सचं नाहीच

फोटोवर दुधी पडदा आलाय? एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा काढला तर दमट हवेत लेन्सवर बाष्प धरतं. पिशवीतच पाव तास राहू द्या. किनाऱ्यावरच्या वाऱ्याने काचेवर खाऱ्या तुषारांचा थर बसतो. आधी ब्लोअरने कण उडवा, मग ओलसर मऊ कापड. सदऱ्याच्या टोकाने कोरडं पुसलं तर मीठ आणि वाळू काचेवर ओरखडे काढतात.

तारकर्ली-मालवणच्या पाण्याखालचे फोटो निळे-हिरवे येतात कारण पाणी लाल रंग सगळ्यात आधी शोषतं. वरच्या काही मीटरमध्ये कॅमेऱ्यातला 'अंडरवॉटर' मोड निभावून नेतो. त्याखाली गेलं की लाल उजेड मासळीपर्यंत फारसा पोचतच नाही, आणि जे फाइलमध्ये आलंच नाही ते स्लायडर कुठून आणणार? तिथे फ्लॅश चालू ठेवा आणि मासळीच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जा.